बाबांची सही

ज्या तालुक्याच्या गावात मी वाढले त्याचं नाव इथं लिहीत नाही. या हकिकतीतली निम्मी माणसं अजून तिथंच राहतात, बाजारात भेटली की माझ्या मुलीची चौकशी करतात. नेरहून येणारी एसटी जिथं थांबायची त्या स्टँडच्या एका बाजूला पोलीस ठाणं होतं आणि दुसऱ्या बाजूला, रसवंतीला लागून, आमचं दुकान. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथं बाबांची पायमशीन, कटिंगचा फळकुटी टेबल, कोळशाची इस्त्री आणि भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर. बाबांना सगळे देवीदास टेलर म्हणायचे. ठाण्यातल्या जवळजवळ सगळ्या शिपायांच्या वर्द्या तेच शिवत. कुणाचं पोट किती सुटलं, कुणाचा एक खांदा उतरता आहे, हे त्यांना तोंडपाठ असायचं. आमच्या घराला कायम नव्या खाकी कापडाचा आणि इस्त्रीखालच्या ओल्या फडक्याचा वास. रसवंतीच्या चरकाला बांधलेल्या घुंगरांचा आवाज, एसटीच्या कंडक्टरची घंटी आणि मशीनची खडखड, हे सगळं एकदम थांबलं तर आम्हाला झोपेतसुद्धा जाग यायची.

सकाळी दुकान उघडायच्या आधी बाबा पेपर वाचत. मोठ्यानं. माय चुलीपुढं भाकरी थापत असायची, तिला ऐकू जावं म्हणून. मायला वाचता येत नव्हतं, पण बातमीतलं खोटं तिला बरोबर कळायचं. "थांबा थांबा, काल म्हने रस्ता झाला, आज म्हन्ते होनार हाय. मंग झाला का नाही?" बाबा खूश व्हायचे. "हेच तं विचारलं पाह्यजे," म्हणायचे आणि पुढची बातमी घ्यायचे. मी तव्यावरची भाकरी उलटत, अंबाडीच्या भाजीवर लसणाची फोडणी ओतत हे ऐकायची. तेव्हा वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच असतं. बाप वाचतो, माय प्रश्न काढते.

माझ्यानंतर मायला एक मुलगा झाला होता. झाला म्हणजे वाटेतच गेला. बाळ आडवं होतं. आमच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशनची खोली होती, पण तिला कुलूप होतं आणि चाबी कुणाजवळ आहे हे कुणालाच सांगता येईना. यवतमाळला न्यायला जीप मिळेपर्यंत दुपार झाली. माय वाचली एवढंच. मी तेव्हा सहा-सात वर्षांची असेन. मला आठवतं ते एवढंच, की बाबा परत आले आणि मशीनवर बसले, आणि मशीन चालत होती तरी सुईखाली कापडच नव्हतं.

पुढं काही वर्षांनी एका मंत्र्याचा जनता दरबार आमच्या गावात भरला. फलकावर लिहिलं होतं, आपले प्रश्न निर्भयपणे मांडा. बाबांनी आठ दिवस प्रश्नाची तयारी केली. मापाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे. शेवटी उरलं ते अगदी लहान. मी त्यांच्यासोबत गेले होते. ते उठले, टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "साहेब, दवाखान्यातल्या ऑपरेशनच्या खोलीची चाबी कोनापाशी हाय?" मंत्र्यांनी शेजारच्या अधिकाऱ्याकडं पाहिलं, अधिकाऱ्यानं डॉक्टरकडं, डॉक्टरनं कंपाउंडरकडं, आणि कंपाउंडरनं मागं वळून पाहिलं तर मागं भिंत होती. सारा मांडव हसायला लागला. मंत्रीही हसले, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला आता वाटतं, त्या दिवशी बाबांनी प्रश्न विचारला ते माफ झालं असतं. लोक हसले, ते माफ झालं नाही.

त्यानंतर महिनाभरात दुसरा कुणी मोठा माणूस गावात येणार होता. सकाळी वासुदेव जमादार दुकानात आले. वासुदेवकाका आमच्याच गल्लीतले, बाबांपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठे. "देवीदासभाऊ, ठानेदार साहेबानं बलावलं जरा." बाबांना वाटलं नवी वर्दी शिवायची असेल. गळ्यात टेप घालून गेले. दिवे लागायच्या वेळी परत आले. त्यांना दिवसभर बाकावर बसवून ठेवलं होतं. मोठा माणूस गेला तेव्हा सोडलं. मारलं नाही, शिवी दिली नाही, दोनदा चहा पाजला. "काहून बसवलं?" मायनं विचारलं. बाबा म्हणाले, "माह्यं नाव यादीत हाय म्हन्ते. कोन्ती यादी, ते सांगत नाहीत."

मग तो रिवाजच झाला. गावात झेंडे लागले, रस्त्याच्या कडेला चुना पडला की आम्हाला कळायचं, उद्या बाबा ठाण्यात. वासुदेवकाका यायचे, उंबऱ्याबाहेरच उभे राहायचे. बाबा दरवेळी एकच विचारायचे, "कागद दाखवा जमादार. कोन्त्या कलमाखाली नेऊन राह्यले?" वासुदेवकाका दरवेळी मान खाली घालून म्हणायचे, "भाऊ, कागद नका मागू. वरून तोंडी हाय." बाबा म्हणायचे, "बरं. मी मांगतलं होतं, एवढं ध्यानात ठेवा." आणि काज-बटणाचं काम पिशवीत भरून निघायचे. ठाण्याच्या बाकावर बसून त्याच ठाण्यातल्या शिपायांच्या शर्टांना ते बटणं लावत. माय डबा करायची. भरली वांगी, भाकरी, कांदा. शाळेत पोरी मला म्हणायच्या, "तुह्या बाबाले पकडलं ना वो?" मी घरी येऊन रडायची. बाबा म्हणायचे, "अवो, एका प्रश्नाले रोखाले चार शिपाई लागतात. तुह्या बापाची किंमत पाह्य ना!" ते हसून सांगायचे, पण ते त्यांना खरंच वाटत होतं. त्याच्यावरच ते उभे होते, हे मला फार उशिरा समजलं.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी वीस वर्षांची होते. मुलगा पुसदचा, शाळेत मास्तर. माणसं चांगली, पण भिडस्त, जराशी घाबरट म्हणावीत अशी. लग्न रविवारी दुपारी, विहारासमोरच्या मैदानात. गुरुवारी नेरची आत्या आली, शुक्रवारी बुंदी पाडली, आणि त्याच संध्याकाळी लाऊडस्पीकर लावलेली जीप गल्लीतून फिरली. रविवारी सूतगिरणीचं भूमिपूजन, खुद्द मुख्यमंत्री येणार, सर्वांनी उपस्थित राहावे. माय कढईजवळ उठून उभी राहिली. झारा तसाच हातात. आत्याला आधी कळलंच नाही काय झालं ते. (ती सूतगिरणी कधीच झाली नाही. कोनशिला अजून आहे, बाभळीत. मागच्या वर्षी मी मुद्दाम जाऊन पाहून आले.)

शनिवारी सकाळी वासुदेवकाका आले. दारात आंब्याच्या डहाळ्या बांधलेल्या, आणि त्याखाली ते उभे, टोपी काखेत. "देवीदासभाऊ, मी साहेबाले सांगतलं. उद्या पोरीचं लग्न हाय म्हनून सांगतलं. ते नवीन हायेत. एकडाव भेटून घ्या, ऐकतीन ते." बाबांनी त्याही दिवशी कागद मागितला. मग माझ्याकडं पाहून म्हणाले, "येतो बाई मी घंटाभरात," आणि गेले. पिशवी नेली नाही, कारण घंटाभरात येणारच होते.

दुपार झाली. मला हळद लावायला बाया जमल्या. आत्या सगळ्यांना सांगत होती, भाऊ मंडपवाल्याकडं गेला. हळद लावताना एका बाईनं दुसरीच्या कानात काही सांगितलं आणि ती माझ्याकडं अशी पाहायला लागली, की मी डोळे मिटून घेतले. चार वाजता पुसदहून फोन आला, समोरच्या किराणा दुकानात. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांचा. त्यांना कुणीतरी कळवलं होतं. मायनं फोन घेतला. ती नुसती "हो जी, हो जी" म्हणत राहिली. परत आली तेव्हा आत्यानं विचारलं, "काय म्हन्ले?" "म्हन्ले, मुलीचा बाप मांडवात असंन तरच वऱ्हाड निघंन. नाही तं तारीख पुढं घेऊ." मग ती पदरानं कपाळ पुसत म्हणाली, "पुढची तारीख ते कायले घेतीन?"

मी हळदीच्या अंगानं तशीच मायबरोबर ठाण्यात गेले. वरून एक जुनी शाल घेतली होती. आयुष्यभर ते ठाणं आमच्या दारातून दिसत होतं, पण आत मी कधी पाय ठेवला नव्हता. आत खाकी कापडाचा तोच वास होता, आमच्या घरातला. बाबा भिंतीकडच्या बाकावर बसले होते, हात मांडीवर ठेवून. त्यांच्या हातात काम नाही असं मी त्यांना पहिल्यांदा पाहत होते. माझ्या अंगावरची हळद पाहिली आणि त्यांनी मान फिरवली.

ठाणेदार तरुण होते, तिकडचे, पुण्याच्या बाजूचे असावेत. त्यांनी मायला खुर्ची दिली. खरं सांगायचं तर त्यांच्यासारखं नीट कुणी त्याआधी आमच्याशी बोललं नव्हतं. "हे पाहा ताई, मला लग्न मोडायचं नाही. मी सकाळपासून यांना सांगतोय, एवढ्या कागदावर सही करा आणि घरी जा. तुम्हीच समजवा." त्यांनी टाइप केलेला कागद पुढं सरकवला. मायनं तो माझ्याकडं दिला. मी वाचला. त्यातली एक ओळ मला अजून पाठ आहे. 'माझ्या हातून पूर्वी शासकीय कार्यक्रमात घडलेल्या गैरवर्तनाबद्दल मला पश्चात्ताप होत असून, यापुढे मी कोणत्याही कार्यक्रमात प्रश्न उपस्थित करणार नाही.'

बाबा बाकावरूनच म्हणाले, "साहेब, मी सकाळीच म्हनलो तुमाले. उद्या मी येनार नाही, लिहून देतो. कुठंच जानार नाही, माह्या पोरीचं लग्न सोडून मी जातो कायले? पन 'गैरवर्तन' खोडा. मंत्र्यानंच ईचारा म्हनलं होतं. मी ईचारलं. त्याच्यात गैर काय झालं?"

"फॉर्मॅट वरून आलेला आहे, देवीदास. मला त्यात एक अक्षर बदलता येत नाही."

"मंग मलेही येत नाही."

वासुदेवकाका कोपऱ्यात उभे होते. ते पुढं आले. "भाऊ, कागदच तं हाय. कोन वाचते त्याले?" बाबा त्यांना म्हणाले, "कोनी वाचत नसंन तं खोडा ना मंग." बाहेर स्टँडवर पुसदची गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता. माय खुर्चीच्या काठावर बसून माझ्याकडं पाहत होती. तिला बोलायचं नव्हतं. कुलुपाच्या त्या खोलीबाहेर ती स्वतः पडून होती. त्या प्रश्नात तिचं बाळ होतं. तिनं बोलावं असं तिला कुणी म्हणू शकत नव्हतं, आणि म्हणून ते माझ्यावर आलं.

मी बाबांजवळ गेले, खाली बसले. मला रडू येत नव्हतं, नुसती भीती वाटत होती. उद्याची, लोकांची, पुढच्या सगळ्या आयुष्याची. मी म्हणाले, "बाबा, एक शब्दच तं हाय."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. एखाद्या गिऱ्हाइकानं आणलेला कपडा शिवणीत अजून किती दाबता येईल हे पाहतात, तसं ते पाहत होते. मग विचारलं, "तू म्हन्ते काय, सुजाता?" मी मानेनंच हो म्हटलं. ते उठले. टेबलाजवळ गेले, खिशातला चष्मा काढून लावला, तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा एकदा वाचला आणि सही केली. त्यांची सही फार सुरेख होती, देवीदासमधला 'दे' असा वळून खाली यायचा. त्या दिवशीही ती तशीच आली. ठाणेदार म्हणाले, "थँक यू. लग्नाच्या शुभेच्छा." बाबा म्हणाले, "या उद्या." ते टोमण्यानं म्हणाले नव्हते. घरच्या लग्नाचं निमंत्रण देतात तसंच म्हणाले.

लग्न झालं. पुसदचं वऱ्हाड वेळेवर आलं. बाबांनी स्वतः शिवलेला पांढरा शर्ट घातला होता. मांडवात दुसऱ्या रांगेत साध्या कपड्यांत वासुदेवकाका बसले होते. मला वाटलं शेजारी म्हणून आले. मग लक्षात आलं, ते बाबा उठले की उठत होते आणि बसले की बसत होते. सही करूनही त्यांना पाळतीवर ठेवलं होतं. जेवणाच्या पंगतीत बाबांनी त्यांना स्वतः बुंदी वाढली. वासुदेवकाकांनी ती पानाच्या कडेला सारली आणि न खाताच उठले. त्याआधी लग्न लागताना पंचशील झालं, बौद्धाचार्यांनी आम्हाला आशीर्वाद दिला आणि रिवाजाप्रमाणे म्हणाले, "मुलीच्या वडिलांनी दोन शब्द बोलावेत." बाबांनी बोलायचं ठरवलेलं होतं, महिनाभर तयारी चालली होती. ते माइकजवळ गेले. नेमकं तेव्हा हेलिकॉप्टर वरून गेलं. सारी पोरंटोरं मांडवाबाहेर पळाली, माणसंही वर पाहायला लागली. आवाज विरला तरी बाबा माइकसमोर तसेच उभे. मग त्यांनी सगळ्यांना हात जोडले आणि खाली येऊन बसले. लोकांना वाटलं, बापाला भरून आलं. माझे सासरे त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "होते असं."

मी पुसदला नांदायला गेले. तीनेक महिन्यांनी मायचा फोन आला. "काल घेऊन गेलते तुह्या बाबाले." मी म्हणाले, "सही दिली होती ना?" माय म्हणाली, "तो साहेब बदलून गेला. आताच्याले तो कागद सापडत नाही म्हन्ते. यादीत नाव हाय तं हाय." ज्या कागदासाठी मी बाबांना तो शब्द गिळायला लावला, तो कुठल्या गठ्ठ्यात गेला हे ठाण्यातल्यांनाही ठाऊक नव्हतं. "काही बोलले का बाबा?" मी विचारलं. "नाही. डबा घेतला अन् गेले." "कागद मागितला?" मायला कळेना मी काय विचारते आहे. मग ती म्हणाली, "नाही वो. आता नाही मांगत."

सकाळचं पेपर वाचणंही थांबलं होतं. माहेरी गेले की मी पाहायची, पेपर यायचा, घडी न मोडता इस्त्रीखाली जायचा. मायनं एकदा विचारलं, "काय लिवलं हाय आज?" बाबा म्हणाले, "काही नाही, नेहमीचंच." ते वाईट वागले नाहीत कुणाशी, माझ्याशी तर नाहीच. माझ्या मुलीचे फ्रॉक त्यांनीच शिवले. मला किती वेळा वाटलं, त्यांनी मला बोलावं, तुझ्यापायी झालं म्हणावं. एकदा मीच विषय काढला. ते म्हणाले, "तू बरोबरच म्हनलं होतं बाई. लगन झालं नसतं तं काय केलं असतं?" हे खरंच होतं. माझा संसार चांगला झाला, नवरा चांगला निघाला. त्या संध्याकाळी मी दुसरं काय म्हणायला हवं होतं हे मला आजही सांगता येत नाही. ते लिहावं म्हणून मी कितीदा बसले, आणि दरवेळी त्या बाकापाशी येऊन थांबते.

पुढं पुढं त्यांना न्यायला कुणी येईनासं झालं, कारण तेच जाऊ लागले. रस्त्याला चुना पडला, झेंडे लागले की सकाळी अंघोळ करून, दुकान बंद करून, डबा घेऊन ठाण्यात जायचे. "बसू का?" विचारायचे आणि बसायचे. वासुदेवकाका निवृत्त झाले, वारले. माय गेली. तयार कपडे आले, वर्द्या बाहेरून शिवून यायला लागल्या. आता म्हणे नोटिसा मोबाइलवर येतात. बाबांकडं मोबाइल होता, पण त्यांच्या नावानं कधी काही आलं नाही. त्यांचं नाव यादीत उरलं होतं की नाही, कुणास ठाऊक.

दोन वर्षांपूर्वी मी माहेरी होते तेव्हा कुणीतरी मंत्री येणार होते. सकाळी उठून पाहते तर बाबा घरात नाहीत, भाकरीचा डबाही नाही. मी समजले. ठाण्याची आता नवी इमारत आहे, आत फरशी, भिंतीवर कॅमेरे. बाबा लोखंडी खुर्च्यांच्या रांगेत शेवटच्या खुर्चीवर बसले होते, डबा मांडीवर धरून. मी दारातून आत शिरत होते तेवढ्यात एक तरुण शिपाई मुलगी टेबलामागून उठून त्यांच्याजवळ गेली, वाकून, प्रेमानं विचारू लागली, "आजोबा, केव्हाचे बसून आहात तुम्ही. कोणी त्रास दिला का? काही तक्रार आहे का तुमची?"

बाबा गडबडीनं उठून उभे राहिले.

"नाही साहेब," ते म्हणाले. "माही काहीच तक्रार नाही."